खंडाळ्याचें रान आणि शिष्याचें नांव

शास्त्रांचा इतिहास आपण बहुधा मोठ्या नांवांनीं लक्षांत ठेवतों. अमक्यानें हा शोध लावला, तमक्यानें तो ग्रंथ लिहिला, इतकें कळलें म्हणजे आपलें समाधान होतें. परंतु शोध लावणारा मनुष्य आरंभीं कोणाचा तरी हाताखालचा उमेदवार असतो. पाहावें कसें, मोजावें कसें, आणि पाहिलेलें लिहून ठेवावें कसें, हें कोणीतरी त्याला शिकविलेलें असतें. पुढें तोहि दुसऱ्या कोणास शिकवितो. शास्त्र टिकतें तें ह्या साखळीच्या बळावर. आणि इतिहासांत नेमकी हीच साखळी सांगावयाची राहून जाते.

खंडाळा व लोणावळें हीं नांवें घेतलीं कीं मुंबईपुण्याच्या कुटुंबांना धुकें, धबधबे, नागफणीचा सुळका आणि चिक्कीचे पुडे आठवतात. तें साहजिकच आहे. परंतु ह्याच घाटमाथ्यानें वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना पिढ्यान्‌पिढ्या धडे दिले, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाहीं. तिचा वृत्तांत आजच्या भाषणांत सांगावा असा माझा विचार आहे. मी स्वतः शास्त्रज्ञ नव्हे; मॅट्रिकपर्यंत शिकून मावळांतल्या शाळेंत आयुष्य घालविलेला एक मास्तर आहें. त्यामुळें ह्या इतिहासांतील एकच प्रश्न मला विशेष जवळचा वाटतो. गुरूनें शिष्याला काय दिलें, आणि झालेल्या कामावर शिष्याचें नांव कोठें लिहिलें?

प्रथम स्थळाचा विचार करूं. बोरघाटांतून आगगाडी १८६३ सालीं सुरू झाली, आणि तेव्हांपासून मुंबईच्या विद्यार्थ्याला सकाळीं निघून त्याच दिवशीं सह्याद्रीच्या माथ्यावर उभें राहणें सोपें झालें. लोणावळें-खंडाळ्यास वर्षाकांठीं दीडशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथून इंद्रायणीच्या कांठानें कार्ल्यावरून वडगांवाकडे जसजसें यावें, तसतसें पावसाचें मान झपाट्यानें उतरत जातें. घाटाच्या घळींतून अंजनी, जांभूळ, हिरडा ह्यांची गर्द झाडी. माथ्यावरच्या सड्यांवर पावसाळ्यांत तेरडा व सोनकी. आणि पूर्वेकडे उतरत गेलें म्हणजे बोरी-बाभळी. हा सगळा पालट सातआठ कोसांच्या आंत पाहावयास मिळतो. पाणी, ऊन व जमीन ह्यांच्यानुसार वनस्पतीचें जीवन कसें बदलतें, हा वनस्पतींच्या शरीरव्यापारशास्त्राचा मुख्य प्रश्न होय. तो प्रश्न येथें शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशासारखा डोळ्यांपुढें पसरलेला आहे.

मुंबई इलाख्यांतील वनस्पतींची एक मोठी यादी जॉन ग्रॅहॅम ह्यानें १८३९ सालीं प्रसिद्ध केली. त्यानंतर १८६१ सालीं डॅल्झेल व गिब्सन ह्या दोघांचा ग्रंथ आला. त्यांतील गिब्सन हा पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधिकारी होता. पुढें थिओडोर कुक ह्यांनीं १९०१ ते १९०८ ह्या काळांत इलाख्याचा सविस्तर वनस्पतिग्रंथ भागाभागांनीं प्रसिद्ध केला. कुक हे मूळचे इंजिनियर. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे ते प्राचार्य होते, आणि निवृत्त होऊन मायदेशीं गेल्यावर क्यू येथील प्रसिद्ध संग्रहाच्या साहाय्यानें त्यांनीं हा ग्रंथ सिद्ध केला. तेथें बसल्या बसल्या सह्याद्रीवरील झाडांचें वर्णन करावयाचें, तर सह्याद्रींत पायपीट करून नमुने पाठविणारें कोणीतरी हवें होतें.

कुक ह्यांच्या ग्रंथांत प्रत्येक वनस्पतीच्या वर्णनानंतर ती कोठें सांपडली व कोणीं गोळा केली, हें थोडक्यांत दिलेलें असतें. युरोपियन संग्राहकांच्या नांवांच्या जोडीनें तेथें ‘कानिटकर’ व ‘भिवा’ हीं नांवें भेटतात. नांवापुढें एक उद्गारचिन्ह असतें. वनस्पतिशास्त्राच्या संकेतानुसार त्याचा अर्थ असा कीं, ग्रंथकारानें तो नमुना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला आहे. म्हणजे भिवानें आणलेली फांदी कुक ह्यांनीं हातांत घेऊन तपासली, आणि ती कोणीं आणली हें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें. ह्याबद्दल ग्रंथकाराचे आभारच मानावयास हवेत. कारण तसें लिहिलें नसतें, तर भिवा हें नांव आज आपल्या कानांवरहि आलें नसतें. परंतु त्या काळची वांटणीहि येथें स्पष्ट दिसते. रान तुडविणारा एक, आणि नांव ठेवणारा दुसरा. हाताखालच्या मनुष्याचें नांव ओळीच्या अखेरीस येतें. ग्रंथाच्या मुखपृष्ठाशीं त्याचा संबंध नसतो.

ह्याला अपवाद होते, आणि ते लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पुण्यास शेतकी खात्यांत भिडे नांवाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनीं केवळ नमुने गोळा केले नाहींत. एका नव्या गवताचें शास्त्रीय वर्णन त्यांनीं स्वतःच्या नांवानें प्रसिद्ध केलें. पुढें गवतांच्या एका प्रजातीला त्यांच्या सन्मानार्थ ‘भिडिया’ हें लॅटिन नांव मिळालें. ओळीच्या अखेरीस असलेलें नांव पुढें सरकूं लागल्याची ही एक खूण होती.

आतां दुसऱ्या टप्प्याकडे वळूं. १९०३ सालीं एथेलबर्ट ब्लॅटर नांवाचे एक स्विस जेसुइट मुंबईस आले व सेंट झेवियर्स कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकवूं लागले. १९०६ सालीं त्यांनीं तेथें वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह करण्यास प्रारंभ केला. अशा संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. घरांतल्या वहींत पिंपळाचें पान जपून ठेवण्याचा हा प्रकार नव्हे. तें काम कसें चालतें हें थोडें सांगतों, कारण तरुण अभ्यासकाची खरी घडण त्यांतच होते.

रानांत एखादी वनस्पति दिसली कीं फूल, पान व शक्य तर फळ ह्यांसह तिचा नमुना घ्यावयाचा. ती लहान असेल तर मुळासकट घ्यावयाची. त्याच जागीं उभें राहून स्थळ, दिनांक, जमिनीचा प्रकार आणि फुलाचा रंग टिपून घ्यावयाचा. कारण वाळल्यावर रंग उडतो, आणि मग आठवणीवर विसंबून चालत नाहीं. नंतर तो नमुना टिपकागदांत घालून फळ्यांमध्यें दाबावयाचा, आणि ओले झालेले कागद रोजच्या रोज बदलावयाचे. खंडाळ्याच्या पावसांत हें काम म्हणजे एक व्रतच आहे. एक दिवस कागद बदलण्याची हयगय झाली कीं दुसऱ्या दिवशीं बुरशी धरते व आठवड्याची पायपीट फुकट जाते. पुढें किडीपासून रक्षण व्हावें म्हणून नमुन्याला रसकापुरासारख्या विषारी द्रव्याचा हात द्यावयाचा, जाड कागदावर तो शिवावयाचा किंवा चिकटवावयाचा, आणि कोपऱ्यांत चिठ्ठी लावावयाची. त्या चिठ्ठीवर संग्राहकाचें नांव व क्रमांक असतो. पन्नास वर्षांनंतर कोणाला शंका आली, तर त्या क्रमांकावरून मूळ नमुन्यापर्यंत जातां आलें पाहिजे.

ह्या रीतींत विद्यार्थ्याला मिळणारी शिकवण मोठी आहे. ‘माझे गुरु असें म्हणतात’ हें येथें प्रमाण होत नाहीं. समोर ठेवलेला नमुना हेंच प्रमाण. गुरूनें दिलेलें नांव चुकीचें ठरलें, तर शिष्यानें त्याच कागदावर दुसरी चिठ्ठी लावून आपलें मत दिनांकासह नोंदवावें, आणि जुनी चिठ्ठी काढून टाकूं नये, असा शिरस्ता आहे. गुरूचा मान राखून गुरूचें मत दुरुस्त करण्याची ह्याहून सभ्य रीत मला ठाऊक नाहीं.

ब्लॅटर ह्यांच्या ग्रंथांचीं मुखपृष्ठें पाहिलीं तर आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळूं लागतें. मुंबईच्या नेचांवरील १९२२ सालच्या पुस्तकावर ब्लॅटर व डाल्मेडा अशीं दोन नांवें आहेत. मुंबई इलाख्यांतील गवतांवरील १९३५ सालच्या ग्रंथावर ब्लॅटर व मॅक्कान अशीं नांवें आहेत. चार्ल्स मॅक्कान हे ब्लॅटर ह्यांच्याहून बावीस वर्षांनीं लहान. तरुणपणापासून ब्लॅटर ह्यांच्या हाताखालीं रानोमाळ हिंडून त्यांनीं हें शास्त्र आत्मसात केलें. गवतें ओळखणें हें वनस्पतिशास्त्रांत सर्वांत चिकाटीचें काम समजतात, कारण त्यांचीं फुलें भिंगाखेरीज दिसत नाहींत. ब्लॅटर १९३४ सालीं पुण्यास वारले. ग्रंथ छापून बाहेर आला तेव्हां गुरु हयात नव्हते. परंतु शिष्याचें नांव गुरूच्या नांवाशेजारीं त्याच पानावर उभें होतें. कुक ह्यांच्या ग्रंथांतील ओळीच्या अखेरच्या नांवापासून मुखपृष्ठापर्यंतचें हें अंतर कापावयास एक पिढी लागली.

ह्याच सुमारास वनस्पतिशास्त्राची दुसरी शाखा हिंदुस्थानांत मूळ धरीत होती. वनस्पति कोणती, हें ओळखून झाल्यावर ती जगते कशी, हा प्रश्न उरतो. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसू ह्यांनीं वनस्पतींच्या वाढीचें सूक्ष्म मापन करणारीं यंत्रें येथल्याच कारागिरांकडून करवून घेतलीं, आणि १९१७ सालीं आपली संशोधनसंस्था स्थापिली. मुंबईंत रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था १९२० सालीं उघडली. तेथें रुस्तुम होरमसजी दस्तूर हे वनस्पतींच्या शरीरव्यापाराचें संशोधन करूं लागले. सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें हिरवें पान हवेंतील कर्बवायु व मुळांनीं आणलेलें पाणी ह्यांपासून साखर व पिष्ट तयार करतें, हें आपण शाळेंत शिकतों. पानांतील पाण्याचें मान कमीअधिक झालें तर ह्या कार्यावर काय परिणाम होतो, ह्याविषयींचा दस्तूर ह्यांचा निबंध १९२५ सालीं ‘ॲनल्स ऑफ बॉटनी’ ह्या इंग्लंडांतील मान्यवर नियतकालिकांत आला.

पुढचे निबंध आपल्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचे आहेत. विजेच्या दिव्याच्या प्रकाशांत आणि सूर्यप्रकाशांत पानांमध्यें तयार होणाऱ्या द्रव्यांची तुलना १९३३ सालीं प्रसिद्ध झाली. लेखक दस्तूर व सामंत. निळ्या-जांभळ्या किरणांचा ह्या क्रियेवर होणारा परिणाम १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. लेखक दस्तूर व मेहता. त्याच विचाराची पुढची पायरी १९३७ सालीं आली. लेखक दस्तूर व सॉलोमन. गुरु एक, प्रश्न एक, आणि प्रत्येक पायरीवर नवा सहकारी. तरुणाला अवघा विषय एकदम सोंपवून त्याला गोंधळांत न टाकतां, एका मोठ्या प्रश्नाचा असा तुकडा द्यावा कीं तो त्याच्या हातून दोनतीन वर्षांत पुरा व्हावा, आणि पुऱ्या झालेल्या तुकड्यावरून पुढच्याला वाट दिसावी, ही प्रयोगशाळेंतल्या मार्गदर्शनाची रीत ह्या तीन निबंधांच्या क्रमांत स्पष्ट दिसते.

दस्तूर ह्यांनीं ही विद्या शेतापर्यंतहि नेली. पंजाबांत अमेरिकन जातीच्या कापसाचीं बोंडें नीट न उमलतां वाया जात, आणि ह्या रोगाचें कारण कोणास उमगत नव्हतें. ल्यालपूर येथें राहून दस्तूर ह्यांनीं दाखविलें कीं, हा कोणा किडीचा किंवा बुरशीचा उपद्रव नव्हे. कांहीं ठिकाणीं रेताड जमिनींत नत्राचा तुटवडा, तर कांहीं ठिकाणीं जमिनीच्या खालच्या थरांतील खारटपणामुळें मुळांना पडणारी पाण्याची ओढ, हीं त्याचीं कारणें होतीं. झाडाच्या शरीराचा व्यापार समजल्याखेरीज असा उलगडा होत नाहीं.

आतां पुन्हां खंडाळ्याकडे येऊं. हेर्मेनेगिल्ड सांतापाऊ ह्यांचा जन्म १९०३ सालीं स्पेन देशांत झाला. जेसुइट पंथाचे म्हणून ते १९२८ सालीं हिंदुस्थानांत आले, लंडन येथें वनस्पतिशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन परतले, आणि १९४० सालीं सेंट झेवियर्स कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ब्लॅटर जाऊन तेव्हां सहा वर्षें झालीं होतीं. परंतु त्यांचा संग्रह कपाटांतून वाट पाहत होता. त्या संग्रहास पुढें ब्लॅटर ह्यांचेंच नांव देण्यांत आलें. ज्या गुरूचा हात धरतां आला नाहीं, त्याच्या चिठ्ठ्या वाचून शिकतां येतें, हा हर्बेरियमचा आणखी एक उपकार होय.

सांतापाऊ ह्यांनीं अभ्यासासाठीं निवडलेलें क्षेत्र म्हणजे आपलें खंडाळा. कुक ह्यांच्या ग्रंथाचा विस्तार सिंधपासून कानड्यापर्यंत होता. सांतापाऊ ह्यांनीं उलट मार्ग धरला. टापू लहान घ्यावयाचा, परंतु तेथें वर्षाच्या सगळ्या ऋतूंत पुनःपुन्हां जावयाचें. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ सालीं भारतीय वनस्पति-सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाला. पावसाळ्यांत चारदोन आठवडे दिसून नाहींशा होणाऱ्या रोपांनाहि त्यांत स्थान आहे. भर पावसांत रान तुडविल्याखेरीज तीं हातीं येत नाहींत, हें आम्हां मावळवासीयांना वेगळें सांगावयास नको. ग्रंथाची दुसरी आवृत्ति १९६० सालीं व तिसरी १९६७ सालीं निघाली. सुमारें चवदा वर्षांत एकाच लहानशा टापूवर तीनदां ग्रंथ काढणें, ह्याचा अर्थ लेखकानें आपलें काम पुरें झालें असें कधींच मानलें नाहीं. हाताखालच्या तरुणांना ह्याहून मोठा धडा कोणता द्यावयाचा?

खंडाळ्याच्या रानांतील कारवीचें उदाहरण घेऊं. तिच्या काठ्यांचे कुड मावळांत पूर्वीं घरोघर असत. ही वनस्पति वर्षानुवर्षें नुसती पानांनीं वाढते, आणि साधारणतः आठव्या वर्षीं डोंगरचे डोंगर एकदम निळ्याजांभळ्या फुलांनीं भरून जातात. आमच्याकडे ह्याला कारवीचा मेळ म्हणतात. एकदां फुलून बीं धरलें कीं झाड मरतें. अडुळशाच्या कुलांतील ही वनस्पति. ह्या कुलावर सांतापाऊ ह्यांचा स्वतंत्र प्रबंध मुंबई विद्यापीठाच्या मालेंत १९५१ सालीं निघाला. त्यापूर्वीं, १९४४ सालीं, ब्रेमेकांप ह्या डच शास्त्रज्ञानें कारवीसाठीं एक निराळी प्रजाति कल्पिली व तिला ‘कार्व्हिया’ हें नांव दिलें. मावळ-कोंकणांतला शब्द असा थेट लॅटिनांत गेला.

परंतु ह्या झाडाला आठ वर्षें मोजतां येतात कशीं? दिवसाच्या लांबीवरून वनस्पति फुलण्याचा हंगाम ओळखतात, हें गार्नर व ॲलर्ड ह्या अमेरिकन संशोधकांनीं १९२० सालीं दाखवून दिलें. त्यावरून कारवी कोणत्या महिन्यांत फुलावी ह्याचा कांहीं अंदाज बांधतां येईल. कोणत्या वर्षीं, ह्याचा बांधतां येत नाहीं. तें कोडें आजहि पुरतें सुटलेलें नाहीं. आणि असलें कोडें एका माणसाच्या हातून सुटणारेंहि नव्हे. आठ वर्षांचा एक फेरा. असे पांच फेरे पाहावयाचे म्हटले तर चाळीस वर्षें गेलीं. आज नोंद करणाऱ्यानें ती अशा रीतीनें करावी कीं, त्याच्यानंतर येणाऱ्याला ती वाचतां यावी. शिष्य तयार करणें हा येथें केवळ परोपकार नाहीं, शास्त्राच्या पद्धतीचाच तो एक भाग आहे.

सांतापाऊ ह्यांच्या सहकाऱ्यांचीं नांवें त्यांच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आढळतात. रुईच्या कुलावरील प्रबंध १९६० च्या सुमारास निघाला, त्यावर सांतापाऊ व इराणी अशीं नांवें आहेत. मुंबईकडील ऑर्किडांवरील १९६६ सालच्या ग्रंथावर सांतापाऊ व कापडिया अशीं नांवें आहेत. भारतांतील सपुष्प वनस्पतींचा कोश १९७३ सालीं सांतापाऊ व हेन्री ह्यांच्या नांवानें निघाला. त्यापूर्वींच, १९७० सालीं, सांतापाऊ मुंबईस निवर्तले होते. मध्यंतरीं, १८९० सालीं स्थापन झालेल्या वनस्पति-सर्वेक्षण खात्याची १९५४ सालीं पुनर्घटना झाली, आणि त्याचें प्रमुखपद सांतापाऊ ह्यांच्याकडे आलें. १९५५ सालीं खात्याची पश्चिम विभागाची शाखा पुण्यास निघाली. जी रीत खंडाळ्याच्या लहानशा रानांत घोटली गेली, तिला आतां देशभराचें क्षेत्र मिळालें. १९६७ सालीं त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला.

येथवर सांगितलेली हकीकत ऐकून कोणी म्हणेल कीं, मुखपृष्ठावर नांव आलें म्हणजे मार्गदर्शन उत्तम झालें असें कोठें आहे? ही शंका रास्त आहे. नांव उदारपणें देऊनहि शिष्याला परावलंबी ठेवणारा गुरु असूं शकतो. आणि उलट, ज्या कामांत कोणाचेंच नांव राहत नाहीं, तेथेंहि उत्तम शिक्षण चाललेलें असतें. ह्या दुसऱ्या प्रकाराचें उदाहरण आमच्या मावळांतच आहे.

मावळचा अंबेमोहोर भात सुवासाबद्दल प्रसिद्ध. परंतु त्याचें ताट उंच व नाजूक. वाऱ्यापावसांत तें लोळतें, आणि उत्पन्नहि बेताचें. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेनें १९६६ सालीं प्रसृत केलेली आय. आर. ८ ही जात बुटकी, ताठ व भरघोस उत्पन्नाची. पण तिला आपल्याकडच्या सुवासाची गोडी कोठून असणार? मावळांतील भातसंशोधन केंद्रांत अंबेमोहोर १५७ ही जात व आय. आर. ८ ह्यांचा संकर करून, निवडीमागून निवड करीत, १९८७ सालीं ‘इंद्रायणी’ ही जात शेतकऱ्यांच्या हातीं दिली गेली. आज पुण्यामुंबईच्या घरोघरीं इंद्रायणी तांदूळ शिजतो. भाताचें फूल चिमट्यानें उघडून, त्यांतले पुंकेसर काढून, दुसऱ्या जातीचा पराग त्यावर घालावयाचा. आणि मग पिढीमागून पिढी हजारों रोपांतून हवीं तीं रोपें वेंचावयाचीं. अशा कामास दहा-दहा वर्षें लागतात. तेवढ्या अवधींत अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, कांहीं निवृत्त होतात, आणि नव्या उमेदवाराला जुन्या वह्यांवरून काम पुढें न्यावें लागतें. जातीला नांव मिळालें तें नदीचें. माणसांचीं नांवें जेवणाऱ्यांना ठाऊक नाहींत. तरीहि हात एकाचा दुसऱ्याला मिळत गेला, म्हणूनच तो भात ताटांत आला.

तेव्हां माझ्या मतें कसोटी दुहेरी आहे. गुरूनें शिष्याला स्वतंत्रपणें पाहावयास शिकविलें काय, ही पहिली; आणि त्यानें जें पाहिलें तें त्याचें म्हणून नोंदविलें काय, ही दुसरी. पहिलीवांचून दुसरी पोकळ आहे, आणि दुसरीवांचून पहिली अन्यायाची आहे. भिवानें पाहिलें होतें खरें. त्याला आणखी पुढें जाण्याची वाट मिळाली असती, तर तो कोठवर पोंचला असता, हें आतां कोणीं सांगावें?

हा प्रश्न जुना झाला असें मात्र समजूं नये. खंडाळ्याचें रान सांतापाऊ ह्यांच्या वेळींहि आदिम राहिलेलें नव्हतें. १९११ सालीं टाटांच्या जलविद्युत् योजनेचें काम लोणावळ्यास सुरू झालें, १९१५ सालीं खोपोलीहून मुंबईस वीज पोंचली, आणि घाटमाथ्यावरील दऱ्याखोऱ्यांत तलाव उभे राहिले. त्यानंतर बंगले, हॉटेलें आलीं. २००२ सालीं द्रुतगति मार्ग पुरा झाला. ह्या सर्वांची मुंबईपुण्याला गरज होती, हें मी नाकारीत नाहीं. परंतु ज्या उतारावर अमुक वनस्पति उगवत होती तेथें आज सिमेंटचा कठडा असेल, तर ती तेथें होती हें सांगणारा साक्षी कोण? फक्त तो वाळलेला नमुना आणि त्याच्या कोपऱ्यांतली चिठ्ठी. ब्लॅटर ह्यांच्या नांवाच्या संग्रहांत आज सुमारें दोन लक्ष नमुने आहेत. ते वाचणारे डोळे पुढच्या पिढींत तयार झाले नाहींत, तर ते कागद मुके होतील. वनस्पति ओळखण्याची विद्या कॉलेजांतून मागें पडत चालली आहे, अशी तक्रार ह्या शास्त्राचे जाणते लोक करीत आहेत, आणि ती गंभीर आहे.

आणखी एक गोष्ट. रानांतील ज्ञान विद्यापीठांतून रानांत गेलें, असा आपला एक समज असतो. कारवी, करवंद, गेळा, हिरडा हीं नांवें कोणीं ठेविलीं? आमच्या मावळांतील ठाकर, कातकरी व महादेव कोळी ह्यांना रोप ओळखावयाला भिंग लागत नाहीं. शास्त्रज्ञांना वाटा दाखविणारे आणि कोणतें रोप कोठें उगवतें हें सांगणारे सर्वत्र असेच लोक असतात. नमुन्याच्या चिठ्ठीवर आज संग्राहकाच्या नांवाबरोबर वाट दाखविणाऱ्याचें नांवहि लिहितां येईल. त्याला जागा फार लागत नाहीं. आणि ह्याच वस्त्यांतील मुलें-मुली कॉलेजापर्यंत पोंचून स्वतः चिठ्ठ्या लिहूं लागलीं, तर ह्या इतिहासाला योग्य तें वळण लागेल. त्यांच्यापैकीं कित्येकांनीं माझ्या वर्गांत बसून पानांचीं नांवें मलाच शिकविलीं आहेत; पुस्तकांतलीं नांवें तेवढीं मीं त्यांना सांगितलीं.

माझ्या श्रोत्यांपैकीं पुष्कळजण पावसाळ्यांत लोणावळ्यास येत असतील. पुढच्या कारवीच्या मेळाला मुलांना अवश्य घेऊन या. फुलें तोडूं नका. मात्र दिनांक, ठिकाण आणि उतार कोणत्या दिशेचा, हें वहींत लिहून ठेवा. आठ वर्षांनीं त्याच जागीं पुन्हां या, आणि जुन्या नोंदीखालीं नवी नोंद तुमच्या मुलाच्या अथवा मुलीच्या हातानें होऊं द्या. नोंदीखालीं नांव त्याचें किंवा तिचें लिहा.